जमीनदार, राजा आणि ‘माजी’ हा शब्द

गोंदिया जिल्ह्यात बदलीवर आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात हमखास विचारतो, हे ‘मामा तलाव’ कोणाच्या मामाचे? मग कचेरीतला एखादा जुना कारकून हसत सांगतो की मामा म्हणजे मा. मा., माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत. मालगुजार जाऊन सत्तर वर्षे उलटली, तरी सरकारी कागदावर तो शब्द आजही छापला जातो. त्याच्यापुढे ‘माजी’ लावले जाते, एवढाच फरक.

जमीनदार, मालगुजार, राजा, राजेबहादूर, रावबहादूर, श्रीमंत, छत्रपती या शब्दांना आजच्या कायद्यात नेमके काय स्थान आहे, या प्रश्नाची सुरुवात मी मुद्दाम या ‘माजी’पासून करतो. एरवी ही चर्चा राजस्थानातल्या महालांपासून सुरू होते आणि तनख्यांच्या रकमांवर संपते. गोंदियात एकही संस्थान नव्हते, त्यामुळे इथे हा प्रश्न झगमगाटाशिवाय पाहता येतो.

तीन निरनिराळ्या गोष्टी

या वादातला बराच गोंधळ इंग्रजीतून आला आहे. त्या भाषेत मालकी हक्काला आणि मानाच्या पदवीला एकच शब्द आहे. मराठीत तसे नाही. आपल्याकडे किताब वेगळा, हुद्दा वेगळा आणि हक्क वेगळा. संविधानाच्या मराठी अनुवादात अनुच्छेद १८ साठी ‘किताब’ हा शब्द योजला आहे, तो त्यासाठीच. ‘पदवी’ म्हटले असते तर विद्यापीठांचे पदवीधर दचकले असते.

रावबहादूर हा किताब होता. सरकारने तो दिला आणि त्याबरोबर जमिनीचा तुकडाही आला नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख हे वतनदारीचे हुद्दे होते. त्यांच्यामागे काम होते आणि कामाचा मोबदला म्हणून जमीन होती. मालगुजार हा महसुलाचा शब्द. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा आणि त्या बदल्यात गावाची मालकी मिळालेला माणूस म्हणजे मालगुजार. एका गावात असे अनेक हिस्सेदार असले, की त्यांच्यातला जो साऱ्यासाठी सरकारला जबाबदार, तो लंबरदार.

आणि जमीनदार? कोड्याचा शब्द हाच आहे. बंगालातला जमीनदार मोठा सारावसुलीदार होता. मध्य प्रांतात, विशेषतः पूर्वेच्या जंगलपट्ट्यात, या शब्दाला वेगळा अर्थ होता. इथल्या जमीनदाराची गादी थोरल्या मुलाकडे जाई, जमिनीची वाटणी होत नसे, आणि तो सरकारला पूर्ण सारा न भरता ‘टाकोली’ नावाची ठरीव रक्कम देई. याला जहागीर म्हणावे, छोटे राज्य म्हणावे की मोठी मालगुजारी? पुढची दीडशे वर्षे कायदा याच प्रश्नाशी झगडत राहिला.

भोसल्यांपासून टेंपलच्या अहवालापर्यंत

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्याचा पूर्व भाग होता. जुन्या भंडारा जिल्ह्यात पंचविसाहून अधिक जमीनदाऱ्या होत्या. कामठा, आमगाव, सालेकसा, दरेकसा, पुराडा, चिचगड, तिरखेडी ही त्यांतली काही नावे. काही दोन-चार गावांच्या, काही मोठ्या. जमीनदार घराणी गोंड, हलबा, लोधी, कुणबी अशा निरनिराळ्या समाजांतली होती. नागपूरकर भोसल्यांचे धोरण साधे होते. घाटाच्या वाटा सांभाळा, जंगल राखा, वेळेला माणसे द्या आणि टाकोली भरा.

ही सत्ता निव्वळ महसुली नव्हती, हे १८१८ च्या घडामोडींत दिसते. अप्पासाहेब भोसल्यांच्या पाडावानंतर कामठ्याच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा घेतला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. सारा थकवणाऱ्यावर जप्ती येते, फौज येत नाही. फौज ज्याच्यावर पाठवावी लागली, त्याला कंपनीनेही मनातून सत्ताधीश मानले होते, असे माझे वाचन आहे.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. पुढे दत्तक जानोजींना १८६० मध्ये ‘राजेबहादूर ऑफ देऊर’ हा किताब मिळाला. देऊर हे सातारा जिल्ह्यातले भोसल्यांचे जुने गाव. राज्य नागपूरचे, किताब सातारच्या गावाचा. राज्य घेऊन किताब देणे हा व्यवहार किती उघड होता, हे याहून नेमके सांगणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्या काळात रिचर्ड टेंपलने प्रांतातल्या जमीनदाऱ्या आणि लहान संस्थानांचा अहवाल केला. त्यापुढच्या वर्षांत झालेले वर्गीकरण आजही या प्रश्नाचा पाया आहे. काही प्रमुखांना मांडलिक राजे मानून त्यांना सनदा आणि दत्तकाचा हक्क दिला गेला. अशी संस्थाने अखेरीस पंधरा ठरली: बस्तर, कांकेर, नांदगाव, खैरागड वगैरे. उरलेले सगळे सामान्य ब्रिटिश प्रजाजन झाले. त्यांच्या हक्कांच्या अटी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिल्या गेल्या आणि ते जमीन महसूल कायद्याच्या चौकटीत आले. १८८१ चा आणि नंतर १९१७ चा मध्य प्रांत जमीन महसूल कायदा त्यांना ‘इस्टेट’चे मालक म्हणूनच ओळखतो. त्या पंधरांत भंडारा जिल्ह्यातला एकही नव्हता.

एका बोगद्याचे अंतर

मुंबई-हावडा मार्गावर गोंदियाहून पूर्वेला निघालेली गाडी आमगाव, सालेकसा करत दरेकशाच्या घाटात शिरते. बोगद्यातून बाहेर पडले की बोरतलाव आणि मग डोंगरगड. तासाभराचा प्रवास. जुन्या काळी दरेकशाला जमीनदार होता आणि डोंगरगड खैरागडच्या राजाच्या मुलखात होते. डोंगर एकच, जंगल एकच, भाषेचा बाजही अर्धा मराठी अर्धा छत्तीसगढी.

बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी १९४८ ला छत्तीसगडातली संस्थाने मध्य प्रांतात विलीन झाली. राजांनी करार केले, तनखे ठरले, आणि संविधानाने अनुच्छेद २९१, ३६२ आणि ३६६(२२) मध्ये त्यांना ‘शासक’ म्हणून ओळख दिली. ती ओळख १९७१ पर्यंत टिकली. बोगद्याच्या अलीकडच्या जमीनदाराशी कोणी करार केला नाही. त्याचा प्रश्न एका राज्य कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी संपवला. वीस वर्षांचा हा फरक पराक्रमाने किंवा वंशाने ठरलेला नाही. तो १८६० च्या दशकातल्या एका फायलीने ठरवला.

संविधान: ‘देणार नाही’

संविधान सभेतल्या मूलभूत हक्क समितीच्या १९४७ च्या मसुद्यात ‘वंशपरंपरागत किताब’ देऊ नयेत असे शब्द होते. मिनू मसानी आणि इतरांच्या आग्रहाने ‘वंशपरंपरागत’ हे विशेषण गळाले. मग कोणताच किताब नको असे ठरले. पुढे लष्करी आणि शैक्षणिक सन्मान तेवढे वगळले गेले. डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीचे स्वरूप स्पष्ट केले. किताब न स्वीकारणे हा नागरिकाचा हक्क नसून त्याच्यावरचे कर्तव्य आहे, नागरिकत्वाची ती अट आहे, अशी त्यांची मांडणी होती.

अनुच्छेद १८ नीट वाचला तर त्याची मर्यादा कळते. राज्यसंस्था किताब देणार नाही आणि नागरिक परकीय राज्याकडून किताब घेणार नाही, मुख्यतः एवढेच तो म्हणतो. आधी मिळालेल्या किताबांविषयी तो काही बोलत नाही. कोणी स्वतःच्या नावापुढे ‘राजे’ लावले तर त्याला शिक्षा सांगत नाही. १९५० च्या २६ जानेवारीला विदर्भातले रावबहादूर आणि रायसाहेब झोपेतून उठले, तेव्हा त्यांच्या भिंतीवरच्या सनदा तशाच लटकत होत्या.

किताबांचा दुसरा अंक १९५४ च्या जानेवारीत भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांनी सुरू झाला. आचार्य कृपलानींनी १९६९ मध्ये ते बंद करण्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. जनता सरकारने १९७७ मध्ये पुरस्कार थांबवले, १९८० मध्ये ते परत आले. बालाजी राघवन खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, पण नावाच्या आधी किंवा नंतर ते लावता येणार नाहीत. लावले तर पुरस्कार काढून घेता येईल. लग्नपत्रिका आणि कोनशिला पाहिल्या की हा निर्णय किती जणांपर्यंत पोचला, हे कळते.

१९५१: हक्क गेला, शब्द राहिला

जमीनदाराचा प्रश्न किताबाच्या दारातून आलाच नाही. तो जमिनीच्या दारातून आला. मध्य प्रदेश मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा १९५० चा. त्याला राष्ट्रपतींची संमती १९५१ च्या जानेवारीत मिळाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. म्हणूनच आजच्या महाराष्ट्रातल्या या चार जिल्ह्यांचा जमीनदारीचा अंत ‘मध्य प्रदेश’ नावाच्या कायद्याने झाला. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम मुंबई राज्याचे वतन आणि खोती रद्द करणारे कायदे करत होते. त्यांची भाषा, त्यांचे अपवाद आणि त्यांचा इतिहास वेगळा आहे. पुण्या-मुंबईत बसून या विषयावर लिहिणाऱ्यांची विदर्भाच्या बाबतीत इथेच गफलत होते.

या कायद्याने जमीन, जंगल, झाडे, मासेमारी, तलाव, पायवाटा, गावठाण, बाजारहाट, जत्रा आणि भूगर्भातले खनिज हे सगळे राज्याकडे आले. मालकाकडे घर, घरशेती आणि काही खाजगी विहिरी-बागा राहिल्या. ‘जमीनदार’ हा शब्द वापरायचा नाही, असे कायद्यात कुठेही नाही. कायद्याच्या नजरेत जमीनदार हा किताब नव्हताच, तो हक्काचा धनी होता. हक्क काढून घेतला की काम झाले.

लढाई कोर्टात गेली. नागपूर उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्याच सुमारास पाटण्याने बिहारचा कायदा रद्द केला होता. संसदेने जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववी अनुसूची आणली आणि तिच्यातल्या पहिल्या तेरा कायद्यांत मध्य प्रदेशचा हा कायदाही घातला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात विश्वेश्वरराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला चालला. अर्जदार होते अहेरीचे जमीनदार. अहेरी तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या सिरोंचा तहसिलीत होती. जमीनदारी आणि ऐंशी मालगुजारी गावे वाचवण्यासाठी ते दिल्लीला गेले. मे १९५२ मध्ये निकाल विरोधात गेला आणि कायदा टिकला.

या गोष्टीला शेपूट आहे. याच घराण्यातले राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये चंद्रपूरमधून लोकसभेवर निवडून गेले. २०१४ मध्ये राजे अम्ब्रीशराव आत्राम अहेरीतून आमदार झाले आणि राज्यमंत्रीही झाले. सर्वोच्च न्यायालयात जो हक्क हरला, त्याच्याशी जोडलेला शब्द मतपेटीत अनेकदा जिंकला. कायदेशीर मान्यता आणि सामाजिक मान्यता या दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत, हे विदर्भातल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

गोंदियाला जवळचा एक खटला फारसा आठवला जात नाही. जमीनदारी जाण्याआधी अनेक जमीनदारांनी आणि मालगुजारांनी आपल्या जंगलातला तेंदूपत्ता, लाख आणि लाकूड वर्षानुवर्षांच्या कराराने व्यापाऱ्यांना दिले होते. धनीच गेला, तर करार राहिला का? गोंदियाच्या बिडी धंद्यात सर्वांना ठाऊक असलेल्या छोटाभाई जेठाभाई पटेल या पेढीच्या नावाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५२ मध्ये न्यायालयाने आधीचे करार राज्यावर बंधनकारक मानले. महादेव विरुद्ध मुंबई राज्य या १९५९ च्या निकालात न्यायालयाने ती भूमिका सोडली. जंगलात पुढे उगवणारे पान हा जमिनीतला हितसंबंध आहे आणि तोही राज्याकडे गेला, असा त्याचा आशय. एका बिडीच्या पानासाठी एवढा वाद झाला, कारण ‘जमीनदार’ या शब्दाच्या पोटात नेमके काय काय होते, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

१९७१: राजाही ‘माजी’ झाला

बोगद्यापलीकडच्या राजाची कथा अधिक ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत दोन-तृतीयांश बहुमताला एका मताहूनही कमी फरकाने मुकले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या राजांची मान्यता काढून घेतली गेली. १५ डिसेंबर १९७० रोजी माधवराव शिंदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडणुकीनंतर सव्विसावी घटनादुरुस्ती आली. ती २८ डिसेंबर १९७१ पासून लागू झाली, अनुच्छेद २९१ आणि ३६२ गेले आणि राजांची मान्यता व तनखे संपवणारा ३६३-क आला.

या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्यांत एक मराठी राजा होता, हे कमी जणांना ठाऊक असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या धाकट्या पातीचे रघुनाथराव गणपतराव. त्यांचा अर्ज १९९३ च्या फेब्रुवारीत फेटाळला गेला. तनखे ही करारातली वचने होती आणि वचनभंग हा घटनेच्या मूळ चौकटीवर घाव आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समतेचे तत्त्व त्याहून वरचे आहे, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले.

वारसाहक्कातही बोगद्याची रेघ उमटली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने परंपरेने थोरल्याकडे जाणारी मिळकत साधारणतः सगळ्या वारसांत वाटायला सुरुवात केली. पण कलम ५(२) मध्ये अपवाद राहिला: भारत सरकारशी झालेल्या राजाच्या कराराने किंवा जुन्या कायद्याने एकाच वारसाकडे जाणारी मिळकत. करार राजाकडे होता. जमीनदाराकडे फक्त रूढी होती. ती गेली. राजांच्या बाजूनेही हा अपवाद आता आखडत चालला आहे. रामपूरच्या नवाबाच्या मिळकतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की विलीनीकरणानंतर नवाब हे इतरांसारखे नागरिक होते आणि त्यांच्या मिळकतीला व्यक्तिगत कायदाच लागू होईल. तिथे तो मुस्लिम कायदा होता, पण तत्त्वाचा रोख सर्वांकडे आहे.

आज मांडल्या जाणाऱ्या बाजू

पहिली बाजू सरळ आहे. किताब गेले, मान्यता गेली, तेव्हा न्यायालयाच्या कागदात, मतदारयादीत, सरकारी निमंत्रणात ‘राजा’, ‘महाराजा’, ‘नवाब’ छापले जाऊ नये. २०२२ च्या जानेवारीत राजस्थान उच्च न्यायालयाने, ३६३-क नंतर पक्षकारांच्या नावापुढे असे शब्द येऊ शकतात का, याबाबत सरकारांकडे विचारणा केली. या बाजूचे म्हणणे असे की शब्द निरुपद्रवी नसतो. तलाठ्यासमोर ‘राजेसाहेब’ म्हणून बसणारा माणूस आणि ‘अमुकचा मुलगा’ म्हणून उभा राहणारा माणूस यांच्या अर्जांकडे एकसारखे पाहिले जाईल, याची खात्री कोण देणार?

दुसरी बाजू म्हणते, अनुच्छेद १८ चा बांध राज्यसंस्थेवर आहे, घरातल्या वापरावर नाही. देशमुख, पाटील, इनामदार, सरदेसाई ही हुद्द्यांची नावे आज निव्वळ आडनावे आहेत. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचा वंशपरंपरागत हुद्दा गेला, म्हणून कोणी पाटील आडनाव बदलले नाही. आणि पोलीस पाटील आज नेमणुकीने होतो, कोणत्याही समाजाचा होतो. मग ‘राजे’ हे नावाचा भाग झाले तर आडनावाला लागणारा नियम त्याला का नको? या युक्तिवादात वजन आहे. अडचण एवढीच की आडनाव सगळ्या भावंडांना मिळते आणि ‘राजे’ अनेकदा एकालाच.

तिसरी बाजू आपल्या भागातली आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी ऐकली गेलेली. गोंड आणि हलबा जमीनदार हे इथल्या आदिवासी राजसत्तेचे शेवटचे अवशेष होते, असे तिचे म्हणणे. इंग्रजांनी त्यांना प्रजाजन ठरवले आणि स्वतंत्र भारताने तेच वर्गीकरण न तपासता उचलले. या मंडळींना तनखा नको आहे, किताबही नको आहे. पाठ्यपुस्तकात ‘सारा गोळा करणारे मध्यस्थ’ अशी जी एक ओळ येते, ती त्यांना बदलून हवी आहे. याच समाजांतून याला उत्तरही येते. जमीनदार आपल्यातला असला तरी वेठबिगार त्यानेही घेतली, कोटवाराकरवी कोंबडी-तूप त्यानेही मागवले. आज्यांनी सांगितलेल्या या आठवणी घराघरांत आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात आणि बहुधा आहेत.

चौथ्या बाजूला शब्दाशी देणेघेणे नाही. ढिवरांच्या मच्छीमार संस्था, तलावाखालचे धानकरी, जंगलातून सरपण आणणाऱ्या बाया यांचा प्रश्न निस्ताराचा आहे. मालगुजाराच्या काळात गावाला जे वापराचे हक्क होते, ते वाजिब-उल-अर्जात लिहिलेले होते. नंतर ते निस्तारपत्रकात आले. त्यांना ‘मालगुजार’ हा शब्द कागदावर राहायला हवा आहे, कारण त्या शब्दाखालीच त्यांच्या हक्काची नोंद सापडते. विरोधाभास आहे खरा. मालगुजाराची आठवण पुसली तर नुकसान त्याच्या रयतेचे.

बाहेरच्या देशांत

इतर प्रजासत्ताकांनी हा प्रश्न चार-पाच तऱ्हांनी सोडवला. ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये किताब रद्द केले आणि नावातला ‘फॉन’सुद्धा काढला. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियाचा तो अधिकार मान्य केला. जर्मनीने त्याच वर्षी उलट केले. किताब नावाचा भाग झाले, नवे देणे बंद. इटलीच्या १९४८ च्या संविधानाने मान्यता काढली, पण २८ ऑक्टोबर १९२२ पूर्वीची विशेषणे नावात राहू दिली. तारीख मुसोलिनीच्या रोमवरच्या चालीची आहे. त्यानंतरचा मान कोणाला वाचवायचा नव्हता.

माल्टाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तिथेही इंग्रज होते. माल्टाच्या शूरवीर संघाने दिलेले किताब खरे किती, हे ठरवण्यासाठी इंग्रजांनी १८७० च्या दशकात आयोग नेमला आणि यादी केली. प्रजासत्ताक झाल्यावर १९७५ च्या कायद्याने राज्याने त्या किताबांना ओळखणे बंद केले. किताब मेले नाहीत; घराण्यांची खाजगी समिती वंशावळी ठेवत राहिली. भारताची वाट या सगळ्यांहून वेगळी आहे. आपण देणे बंद केले, ओळखणे बंद केले, पण वापरावर कायदा केला नाही आणि वापर नावाचा भाग आहे की नाही, हेही ठरवले नाही.

उरलेले प्रश्न

सरकारी कागदात कोणता शब्द चालेल, याचा देशभर एकच नियम नाही. एका न्यायालयात नावापुढचा ‘राजा’ खोडला जातो, दुसऱ्यात तसाच टिकतो. १९५० पूर्वी मिळालेल्या वैयक्तिक किताबांचा प्रश्न त्यांच्या धारकांबरोबरच निवर्तला, असे म्हणायला हरकत नाही. वंशपरंपरेने दिलेल्या ‘राजेबहादूर’सारख्या किताबांचे तसे नाही. त्यांच्याबद्दल अनुच्छेद १८ पुढे पाहतो की मागेही, याचे थेट उत्तर न्यायालयाने दिलेले नाही.

गोंदियापुरते पाहिले तर खरा प्रश्न अभिलेखांचा आहे, असे माझे मत झाले आहे. कोणता तलाव १९५१ मध्ये राज्याकडे गेला आणि कोणता घरशेतीत राहिला, गावाचा निस्तार कोणत्या पाळीपर्यंत होता, जमीनदारीच्या अटींत गावकऱ्यांना काय लिहून दिले होते, हे वाद आजही तहसिलीत चालतात. त्यांचे उत्तर कोणत्याही घटनादुरुस्तीत नाही. ते जुन्या बंदोबस्ताच्या मिसलींत, वाजिब-उल-अर्जांत आणि जुन्या वाड्यांच्या कपाटांतल्या सनदांत आहे. त्यातले काही उधईने खाल्ले, काही वाटण्यांमध्ये विखुरले, काही रद्दीत गेले.

म्हणून जमीनदार, मालगुजार आणि लंबरदार घराण्यांतल्या वाचकांना एक विनंती. मूळ कागद तुमचेच राहू द्या. पण पुढच्या पावसाळ्याआधी त्यांची छायाचित्रे काढून एक संच नागपूरच्या अभिलेखागारात आणि एक आपल्या ग्रामपंचायतीत द्या.